ब्राऊझर कोणाच्या सोयीचा?

विशेष प्रतिनिधी

बँकेचा व्यवहार, रेल्वेचे आरक्षण, सातबाऱ्याचा उतारा, मुलांच्या परीक्षेचा निकाल आणि सकाळचे वृत्तपत्र ही सारी कामे आज ज्या एका खिडकीतून होतात, ती खिडकी म्हणजे ब्राऊझर. एवढ्या वापराचे साधन निवडताना वापरणाऱ्याने ते आपल्या हाताला बसते की नाही हे पाहावे, ही अगदी साधी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात ब्राऊझरविषयीची चर्चा गेली पंचवीस वर्षे दुसऱ्याच मापांभोवती फिरत आली आहे. कोणता ब्राऊझर अधिक वेगवान, कोणाला नव्या मानकांच्या चाचणीत अधिक गुण, कोणात किती नव्या सुविधा, ही ती मापे. संकेतस्थळे बनवणाऱ्यांच्या दृष्टीने ती महत्त्वाची आहेतच. मात्र संकेतस्थळ बनवणारा आणि ते वाचणारा यांच्या गरजा एकच असतात, हे गृहीत धरून चालण्याची सवय या चर्चेला लागली आणि त्या सवयीची किंमत वाचणाऱ्याने मोजली.

ही किंमत कशी मोजली गेली, हे नॉर्वेतील 'ऑपेरा' या ब्राऊझरच्या वाटचालीत सर्वाधिक स्पष्टपणे दिसते.

नॉर्वेच्या टेलेनॉर या दूरसंचार कंपनीतील संशोधन प्रकल्पातून १९९५ मध्ये योन फॉन टेट्झ्नर आणि गेइर इवारसॉय यांनी ऑपेरा ही कंपनी स्थापन केली. बाजारातील हिश्श्याच्या हिशेबाने हा ब्राऊझर कधीच मोठा झाला नाही. संगणकावरील त्याचे वापरकर्ते नेहमीच अल्पसंख्य राहिले, पण ते हट्टाने राहिले. त्याची कारणे अगदी व्यवहारातली होती. कळफलकावरील १ आणि २ या कळा दाबून टॅब बदलता येत. शिफ्ट आणि बाणाच्या कळांनी पानावरील एका दुव्यावरून दुसऱ्या दुव्यावर जाता येई. माऊसचे बटण दाबून तो विशिष्ट दिशेने फिरवला की मागील पान उघडत असे. चुकून बंद केलेला टॅब परत आणता येई. एका कळीसरशी पानावरील चित्रे बंद करून फक्त मजकूर वाचता येई. दूरध्वनीच्या तारेवरून मोडेमच्या गतीने इंटरनेट येत असे त्या काळात ही सोय म्हणजे थेट पैशांची बचत होती. ई-मेलचा कार्यक्रमही ब्राऊझरमध्येच होता. आवडत्या संकेतस्थळांच्या चौकटी नव्या टॅबमध्ये मांडणारा 'स्पीड डायल' २००७ मध्ये आला आणि पुढे जवळपास सर्वांनी त्याची नक्कल केली.

ऑपेरा मानकांच्या बाबतीत मागासलेला होता, असेही नाही. पानांची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेची कल्पना १९९४ मध्ये प्रथम मांडणारे होकॉन विउम ली हे याच कंपनीचे मुख्य तंत्रज्ञ होते. मार्च २००८ मध्ये 'ॲसिड ३' या मानकांच्या अवघड चाचणीत शंभरपैकी शंभर गुणांचा दावा सर्वप्रथम करणाऱ्यांत ऑपेराचा समावेश होता. अडचण वेगळीच होती. संकेतस्थळे तपासली जात ती बाजारातील एक-दोन मोठ्या ब्राऊझरवर, आणि त्यांत जे चालेल तेच मानक, असा व्यवहार रूढ झाला होता. मोबाइल फोनवर ही परिस्थिती अधिकच बिकट झाली. तेथे आयफोन आणि अँड्रॉइड या दोहोंच्या ब्राऊझरचे इंजिन 'वेबकिट' हेच असल्याने पुष्कळ पाने केवळ त्याच्या खासगी आज्ञा वापरून लिहिली जाऊ लागली. एप्रिल २०१२ मध्ये ऑपेराने नाइलाजाने त्यांतील काही परक्या आज्ञा स्वतःच्या इंजिनात ओळखण्यास सुरुवात केली. हा माघारीचा पहिला टप्पा होता. फेब्रुवारी २०१३ मध्ये कंपनीने 'प्रेस्टो' हे आपले इंजिनच सोडून देत असल्याचे जाहीर केले. त्याच वेळी, सर्व उपकरणे मिळून आपले ३० कोटी वापरकर्ते झाल्याचेही तिने सांगितले होते.

जुलै २०१३ मध्ये आलेली ऑपेराची पंधरावी आवृत्ती गूगलच्या क्रोमियम या मुक्त सांगाड्यावर उभी होती. ती नव्या सुविधांना पुरेपूर पात्र होती. बँकांची आणि ई-मेलची जी पाने बाराव्या आवृत्तीत अडखळत, ती हिच्यात सुरळीत चालत. परंतु तिच्यात बुकमार्क नव्हते. ई-मेलचा कार्यक्रम वेगळा काढला गेला होता, टॅबचे गट गेले होते, कळा आपल्या सोयीने ठरवण्याची मुभा गेली होती. बुकमार्क परत यायला २०१४ चा ऑक्टोबर उजाडावा लागला. दुकानदाराने नवे, चकचकीत दुकान थाटावे आणि जुन्या गिऱ्हाइकाची उधारीची वही मात्र फेकून द्यावी, तसा हा प्रकार होता. हजारो जुने वापरकर्ते बाराव्या आवृत्तीला चिकटून राहिले. तिच्यासाठी विंडोजवरील सुरक्षा दुरुस्ती फेब्रुवारी २०१६ पर्यंत निघत राहिली, यावरूनच हा हट्ट किती चिवट होता ते कळते.

२०११ मध्येच ऑपेरातून बाहेर पडलेल्या फॉन टेट्झ्नर यांनी या नाराजीला घर दिले. जानेवारी २०१५ मध्ये 'विवाल्डी' या नव्या ब्राऊझरची चाचणी आवृत्ती आली आणि एप्रिल २०१६ मध्ये पहिली पूर्ण आवृत्ती. टॅबचे गट, माऊसच्या खुणा, कळांची मोकळीक असे जुन्या ऑपेरातील बरेच काही तिच्यात परतले. ई-मेलची पूर्ण आवृत्ती मात्र जून २०२२ मध्ये आली. म्हणजे २०१३ मध्ये जे एका दिवसात काढून टाकले गेले, ते परत मिळायला नऊ वर्षे लागली. विवाल्डीचे इंजिन अर्थातच क्रोमियमचे होते. छोट्या कंपनीने स्वतःचे इंजिन बांधावे, असे दिवस तोवर राहिलेच नव्हते.

नावावरून नकार

येथे एक प्रश्न उभा राहतो. संकेतस्थळे काही ब्राऊझरना नकार देतात तो त्यांच्यात आवश्यक त्या सुविधा नसतात म्हणून, असे सर्रास सांगितले जाते. ते कितपत खरे आहे?

विवाल्डीचा अनुभव याबाबत बोलका आहे. इंजिन क्रोमचेच असल्याने क्रोममध्ये चालणारे पान विवाल्डीत न चालण्याचे काहीच कारण नव्हते. तरीही अनेक संकेतस्थळे 'तुमचा ब्राऊझर चालणार नाही' अशी पाटी दाखवत राहिली. डिसेंबर २०१९ मध्ये कंपनीने अखेर स्वतःचे नाव सांगणेच बहुतेक ठिकाणी बंद केले. विवाल्डी संकेतस्थळांना आपण क्रोम आहोत असे सांगू लागला आणि पाट्या नाहीशा झाल्या. सुविधा त्याच, इंजिन तेच, बदलले होते ते केवळ नाव.

ऑपेरानेही हे भोग पूर्वीच भोगले होते. अनेक वर्षे तो स्वतःला इंटरनेट एक्स्प्लोरर म्हणवून घेत असे. २००९ मध्ये त्याची दहावी आवृत्ती आली तेव्हा तर विनोदच झाला. आवृत्तीचा पहिला अंक तेवढा वाचणारी संकेतस्थळे 'दहा'ला 'एक' समजू लागली आणि जुनाट ब्राऊझर म्हणून नाकारू लागली. त्यामुळे दहाव्या आवृत्तीला आपला क्रमांक ९.८० असा सांगावा लागला. आजही क्रोम, सफारी आणि एज हे सारे संकेतस्थळाला ओळख देताना सुरुवात 'मोझिला' या शब्दाने करतात, ती याच जुन्या खोटेपणाची वंशावळ आहे. ज्या व्यवसायात प्रत्येकाला दुसऱ्याचे नाव सांगून दारातून आत शिरावे लागते, तेथे गुणवत्तेवर निवड होते असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

मराठी वाचकाचा अनुभव

नव्या सुविधा आणि वाचकाची सोय यांचे नाते मात्र केवळ वैराचे नाही. मराठी वाचकाने या नात्याच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत.

२००० च्या दशकाच्या पूर्वार्धात अनेक मराठी वृत्तपत्रांच्या इंटरनेट आवृत्त्या स्वतःच्या खास फाँटमध्ये निघत. युनिकोडचा प्रसार व्हायचा होता, आणि विंडोज एक्सपीवर देवनागरी नीट दिसण्यासाठी संगणकाच्या मांडणीत वेगळा बदल करावा लागे. यावर तोडगा म्हणून मायक्रोसॉफ्टचे पानासोबत फाँट पाठवणारे तंत्र वापरले गेले. ते त्या काळी नवे होते, सोयीचे होते आणि इंटरनेट एक्स्प्लोररपुरतेच होते. नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली. टॅब होते, आपोआप उघडणाऱ्या जाहिरातींच्या खिडक्यांना अटकाव होता, आणि म्हणून अनेकांनी तिला जवळ केले. मात्र तिच्यात मराठी बातमीच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसे. 'पद्मा' नावाचे एक ॲड-ऑन ती खिचडी युनिकोडमध्ये पालटून देई, म्हणून परदेशातील आणि येथील पुष्कळ मराठी वाचकांचे काम निभावले. इतरांनी मराठीसाठी एक ब्राऊझर आणि बाकी जगासाठी दुसरा, अशी वाटणी करून टाकली. हा प्रश्न सुटला तोही एका नव्या सुविधेनेच. युनिकोड रुळले आणि २००९ नंतर पानासोबत फाँट पाठवण्याची सर्वमान्य पद्धत सर्व ब्राऊझरमध्ये आली. एकाच कंपनीच्या मालकीची नवी सुविधा वाचकाला बांधून ठेवते आणि सर्वांनी मिळून मान्य केलेली सुविधा त्याला मोकळे करते, हा फरक मराठी वाचकाने स्वतःच्या डोळ्यांनी अनुभवला आहे.

दुसरा अनुभव मोबाइलचा. २००६ पासून जगभर उपलब्ध झालेला 'ऑपेरा मिनी' हा ब्राऊझर नव्या सुविधांच्या कसोटीवर जवळपास नापासच होता. पान आधी कंपनीच्या सर्व्हरवर उघडे, तेथे दाबून लहान केले जाई आणि मग फोनवर येई. पानातील हालचाली आणि करामती बहुतेक वाटेतच गळून जात. तरी साध्या बटणांच्या फोनवर, टूजीच्या संथ जोडणीवर आणि किलोबाइटच्या हिशेबाने पैसे मोजणाऱ्या ग्राहकासाठी तो वरदान ठरला. फोनमध्ये देवनागरी नसली तरीही मराठी वाचता येत असे, हे त्याचे आणखी एक वैशिष्ट्य. ॲड्रेसच्या जागी एक विशिष्ट शब्द टाइप केला की एक छुपे पान उघडे. तेथे जटिल लिप्यांसाठी चित्ररूप अक्षरांचा पर्याय निवडला की सर्व्हरकडून अक्षरांची चित्रेच फोनवर येत. ही युक्ती महाविद्यालयांच्या कट्ट्यावरून आणि मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांतून तोंडोतोंडी पसरली. ज्यांनी ती वापरली त्यांना ॲसिड चाचणीतील गुणांशी काहीही कर्तव्य नव्हते.

सुरक्षेचा अपवाद

सोय पाहून ब्राऊझर निवडावा, या म्हणण्याला एक मोठा अपवाद आहे आणि तो टाळून चालणार नाही. सोयीचा म्हणून जुनाच ब्राऊझर कायम ठेवणे आणि त्याला सुरक्षा दुरुस्त्या मिळत नसणे, हा मोकळ्या दाराने झोपण्याचा प्रकार आहे. २००१ साली आलेले इंटरनेट एक्स्प्लोरर ६ अनेक कार्यालयांत दशकभर टिकले ते प्रेमापोटी नव्हे, तर कार्यालयीन प्रणाली त्याच्याशिवाय चालत नसत म्हणून. आणि त्यातून हल्लेखोरांना किती मोकळे रान मिळाले हे सर्वज्ञात आहे. भारतातही ई-निविदा भरताना लागणारी डिजिटल स्वाक्षरी जावाच्या जोडकार्यक्रमावर अवलंबून असे. क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये अशा जोडकार्यक्रमांना दार बंद केल्यावरही कंत्राटदारांच्या कार्यालयांतून एक जुना संगणक त्यासाठीच राखून ठेवलेला दिसे. ती सोय नव्हे, सक्तीच होती.

फायरफॉक्सचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये आलेल्या ५७ व्या आवृत्तीने ब्राऊझर वेगवान आणि अधिक सुरक्षित केला. पण जुन्या पद्धतीची सर्व ॲड-ऑन एका फटक्यात निरुपयोगी ठरली. वर्षानुवर्षे आपल्या कामाला साजेसा फायरफॉक्स घडवणाऱ्यांचे घरच मोडले. मोझिलाची तांत्रिक कारणे खोटी नव्हती. जुनी ॲड-ऑन ब्राऊझरच्या अंतरंगात कोठेही हात घालू शकत आणि त्यामुळे प्रत्येक बदल अवघड होई. तरीही ज्या मोकळिकीसाठी लोक फायरफॉक्सकडे आले होते तीच काढून घेतल्यावर, 'आता आम्ही क्रोमइतकेच वेगवान आहोत' या युक्तिवादात थांबण्याचे कारण उरत नाही. मग क्रोमच का नको, असे वापरकर्त्याने विचारले तर त्याचे चुकले कोठे?

काही जण 'पेल मून'कडे वळले. फायरफॉक्सपासून फुटून २००९ मध्ये सुरू झालेल्या या ब्राऊझरने जुनी मांडणी आणि जुनी ॲड-ऑन जपली, आणि सुरक्षा दुरुस्त्याही चालू ठेवल्या. त्याच्या अडचणी दोन प्रकारच्या. पाने लहान लहान घटकांतून रचण्याच्या नव्या पद्धतीला त्यात अनेक वर्षे आधार नव्हता, त्यामुळे बरीच पाने अर्धवट उघडत. ही उणीव खरीच होती. २०२५ च्या सुरुवातीस मात्र, समोर माणूस आहे की यंत्र हे तपासणाऱ्या एका मोठ्या सेवेच्या दारातच पेल मून अडकू लागला आणि त्या सेवेमागे असलेली असंख्य संकेतस्थळे त्याच्या वापरकर्त्यांना बंद झाली. सोयीचा ब्राऊझर निवडणारा माणूस आता यंत्र असल्याच्या संशयालाही पात्र ठरला.

इंजिन परक्याचे

वापरात असलेली मोठी इंजिने आज तीनच उरली आहेत: गूगलचे ब्लिंक, ॲपलचे वेबकिट आणि मोझिलाचे गेको. मायक्रोसॉफ्टसारख्या कंपनीनेही डिसेंबर २०१८ मध्ये स्वतःचे इंजिन सोडून क्रोमियम स्वीकारत असल्याचे जाहीर केले. मोझिलाचे उत्पन्न बहुतांशी गूगलकडून येणाऱ्या पैशांवर अवलंबून आहे. भारताच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने २०२३ मध्ये स्वदेशी ब्राऊझरची स्पर्धा जाहीर केली आणि २०२५ मध्ये झोहो कंपनीने तिचे १ कोटी रुपयांचे पहिले पारितोषिक मिळवले. त्या कंपनीचा 'उला' हा ब्राऊझरही क्रोमियमवरच उभा आहे. याचा अर्थ ब्राऊझरची बाह्य मांडणी निवडण्याचे स्वातंत्र्य वाढले असले, तरी आतील निर्णय मोजक्या हातांत एकवटले आहेत.

त्याचा परिणाम जाहिरातींना अटकाव करणाऱ्या ॲड-ऑनच्या बाबतीत दिसला. 'युब्लॉक ओरिजिन' या ॲड-ऑनचे केवळ क्रोमवर तीन कोटींहून अधिक वापरकर्ते होते. सामान्य वाचकाच्या दृष्टीने वेब सुसह्य करणारी याहून मोठी सोय दुसरी नसेल. गूगलने ॲड-ऑनसाठी 'मॅनिफेस्ट व्ही ३' हे नवे नियम आणले आणि २०२४ ते २०२५ या काळात हे ॲड-ऑन क्रोममध्ये चालेनासे झाले. सुरक्षा आणि खासगीपणा ही कारणे कंपनीने दिली. जगातील सर्वांत मोठ्या जाहिरात कंपन्यांपैकी एक असलेल्या गूगलकडून ती यावीत, यावर टीकाकारांनी बोट ठेवले. क्रोमियमवर उभ्या असलेल्या इतर ब्राऊझरपुढे पर्याय फारसे नव्हते. ब्रेव्ह आणि विवाल्डी यांनी जाहिरात रोखण्याची स्वतःची व्यवस्था पुढे केली. स्वतःचे इंजिन असलेल्या फायरफॉक्सने जुने ॲड-ऑन चालू ठेवले.

मांडणीवर भर देणाऱ्या नव्या कंपन्यांचे भवितव्यही निर्धोक नाही. बाजूला उभे टॅब, कामांनुसार वेगळे कप्पे अशा कल्पनांमुळे 'आर्क' या ब्राऊझरला २०२३ मध्ये उत्साही चाहते मिळाले. पुढच्याच वर्षी कंपनीने त्यात नव्या सुविधा घालणे थांबवून आपले लक्ष कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित दुसऱ्या ब्राऊझरकडे वळवले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ती कंपनी ६१ कोटी डॉलरना ॲटलासियनने घेत असल्याचे जाहीर झाले. चाहत्यांच्या वाट्याला आली ती केवळ सुरक्षा दुरुस्त्या मिळत राहण्याची हमी.

दरम्यान, नव्या सुविधांची शर्यत पुढच्या वळणावर गेली आहे. जुलै २०२५ मध्ये परप्लेक्सिटीने 'कॉमेट' आणि ऑक्टोबरमध्ये ओपनएआयने 'ॲटलास' हे ब्राऊझर आणले. वाचकाने पान वाचण्याऐवजी यंत्राने ते वाचून सारांश सांगावा आणि वाचकाच्या वतीने खरेदी-आरक्षणही करावे, अशी त्यांची कल्पना आहे. दोन्ही क्रोमियमवर आधारलेले आहेत. गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनीही आपल्या ब्राऊझरमध्ये अशी व्यवस्था बसवण्यास सुरुवात केली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये विवाल्डीने मात्र, पानांचा सारांश करणारी वा वापरकर्त्याच्या वतीने फिरणारी अशी यंत्रणा आपण ब्राऊझरमध्ये तूर्त घालणार नसल्याचे जाहीर केले. ज्या क्रोमियमवर विवाल्डी उभा आहे, त्यात पुढे काय येणार आणि काय जाणार हे मात्र मुख्यतः गूगलच ठरवते.